एकोणीस ताग्यांची सिबिला

वाइडेनरोडात एखाद्या मुलीचं लग्न ठरलं, की आधी पाद्रीबाबांकडे जायचं की ओढ्यापलीकडच्या सिबिला केसलिंगकडे, यावर बायकांमध्ये कधी दुमत झालं नाही. पाद्रीबाबा काय, कधीही वेळ काढतात. कापड पांढरं व्हायला ऊन लागतं, आणि आमच्याकडे ऊन म्हणजे जावयासारखं, येईल तेव्हा खरं. सिबिलाच्या कुरणावर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जवसाच्या सुताचं कापड खुंट्यांना ताणून ओळीनं पसरलेलं असे आणि ती लांब दांड्याचं लाकडी ओगराळं घेऊन त्यावर दिवसातून चारदा पाणी शिंपडत फिरे. बुटकी, रुंद खांद्यांची, लाल हातांची बाई. कुणी म्हटलं, "माझं कापड अजून पिवळट दिसतंय," तर म्हणे, "कापड पांढरंच आहे, तुझी नजर पिवळी आहे. घेऊन जा." गिऱ्हाईक मुकाट्यानं घेऊन जाई, कारण कापड खरोखरच पांढरं असे.

गावात तिला 'एकोणीस तागेवाली' म्हणत. नव्या सुना विचारत, एकोणीसच का? मग त्यांना ही हकीकत सांगावी लागे, आणि सांगणारी प्रत्येक बाई त्यात आपल्या पदरचं मीठ घाली. इथे ती कमीत कमी मीठ घालून सांगितली आहे.

तेव्हा सिबिला चौतीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. ज्याच्याशी ठरलं होतं तो मीठ विकायला म्हणून गेला आणि दुसऱ्याच गावात एका विधवेच्या खाणावळीत रमला. तिनं त्याच्या नावानं एक आठवडा रडून घेतलं आणि मग आई आजारी पडली, त्यामुळे पुढचं रडायचं राहूनच गेलं. अकरा वर्षं तिनं आईचं केलं. बाप आधीच गेला होता. घर, शेत, घोडा, नांगर सगळं तिच्या थोरल्या भावाच्या, कास्परच्या नावावर झालं होतं. आई वालपुर्गा वरच्या मजल्यावरच्या खोलीत राही आणि त्या खोलीत तिचे एकोणीस तागे होते.

त्या ताग्यांबद्दल सांगायलाच हवं. मोठ्या युद्धात सैनिकांनी वालपुर्गाच्या अंगाखालची चादरसुद्धा ओढून नेली होती, आणि ती तेव्हा कास्परच्या वेळची आठवा महिना लागलेली बाई होती. युद्ध संपलं तशी तिनं चरखा घेतला तो सोडलाच नाही. दर हिवाळ्यात सूत, दर वसंतात विणकराकडे, मग तीन उन्हाळे कुरणावर. एक तागा तयार व्हायला चार वर्षं. दुष्काळ आला, नवरा गेला, मेंढ्या रोगानं मेल्या, पण तिनं त्यातला वीतभर विकला नाही. "पैसा लोक मागून नेतात," ती म्हणे, "कापड मागायला जरा लाज वाटते."

आमच्या सॅक्सनीतला कायदा जुना आहे आणि बायकांना तो पाद्रीबाबांपेक्षा चांगला पाठ असतो. घर-जमीन मुलाची. पण आईच्या हाताखालचं जे असेल, अंथरूण-पांघरूण, पेटारा, मेंढ्या, प्रार्थनेचं पुस्तक, ते लेकीचं. मुलानं त्याला हात लावायचा नाही. आता यात मेख अशी, की कापड कापलेलं असेल तर ते बाईचं. न कापलेला तागा म्हणजे माल, आणि माल मुलाचा. ज्यानं हे लिहून ठेवलं त्याला बहीण नसावी.

म्हणजे वालपुर्गा गेली की सिबिलाच्या वाट्याला एक पिसांची गादी, एक पेटारा, चार मेंढ्या आणि स्तोत्रांचं पुस्तक. एवढ्यावर बाई मरत नाही, पण जगतही नाही. ओढ्यापलीकडचा, गावाचं कापड पांढरं करून देणारा म्हातारा वारला होता. त्याचं दोन खणांचं घर, कुरण आणि ओढ्याच्या पाण्याचा हक्क नगरसभा इस्टरपर्यंत देऊन टाकणार होती, आणि सभेला नव्या नगरभवनाच्या पडद्या-टेबलांसाठी कापड हवंच होतं. नऊ तागे आणा, घर घ्या, असं सरळ सांगितलेलं. सिबिला अकरा वर्षं आईचं कापड त्याच कुरणावर पसरत आली होती. त्या घराच्या दारासमोरून जाताना तिची पावलं आपोआप मंद होत.

आणि ते नाही मिळालं तर काय, हेही ठरलेलं होतं. कास्परची बायको ओटिली हिनं ते आधीच ठरवून टाकलं होतं. सिबिला भट्टीमागच्या फळीवर झोपेल, डुकरांचं बघेल, ओटिलीच्या दोन मुली सांभाळेल.

"आणि पगार?" एकदा सिबिलानं विचारलं होतं.

"अगं बाई," ओटिली हसून म्हणाली, "तू घरचीच ना? घरच्या माणसाला कसला पगार?"

जानेवारीत वालपुर्गाचे पाय सुजले, श्वास पुरेना. कास्पर आईला भेटायला वर आला. माणूस मनानं वाईट नव्हता. मोठ्यानं हसायचा, मोठ्यानं जेवायचा, फक्त त्याला आपलं आणि दुसऱ्याचं यातला फरक आपल्या सोयीनं दिसायचा. आईशी बोलताना त्याची नजर ताग्यांच्या चळतीवरून खाली-वर होत होती. तो जिना उतरला तशी वालपुर्गा उशीवरून उठली.

"गेला का?"

"गेला."

"मोठी कात्री आण. आणि दाराला कडी घाल."

"आई, वैद्यांनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मेल्यावर पडूनच राहायचंय, म्हणावं. आण तू कात्री."

सिबिलानं कात्री आणली, पहिला तागा आईच्या मांडीवर ठेवला आणि तिचे हात थांबले. एवढं कापड. ते पहिल्यांदा कुरणावर पसरलं तेव्हा ती आठ वर्षांची होती.

"अख्खा चांगला तागा गं, आई," ती म्हणाली. "कसा कापू?"

"अख्खा तागा तुझ्या दादाचा. तुकडे तुझे. तुला शोभा हवीय की घर हवंय?"

तीन दिवस दोघी कापत होत्या. प्रत्येक ताग्याचे चार तुकडे. वालपुर्गाच्या बोटांना जोर नव्हता, म्हणून कात्रीवर दोघींचे हात असत. तुकडे पुन्हा एकावर एक गुंडाळून तागे जिथल्या तिथे रचले, बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये असे. "आत्तापासून घरात बोंब नको," आई म्हणाली, "मी गेल्यावर तिसाव्या दिवशी वाटणी होईल, तेव्हा पंचांसमोरच उलगडू दे. मला ते वरून बघायचंय." इथेच म्हातारीचं चुकलं. साक्षीदार कुणी ठेवला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. त्याच तासाला, तिला खाली आणल्याबरोबर, कास्परनं तिच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. तीस दिवस कुणी कशालाही हात लावायचा नाही, हा रिवाजच आहे, म्हणून कुणी काही बोललं नाही. फक्त ओटिली रोज दुपारी किल्ली मागून घेई आणि सासूबाईंच्या खोलीत बसून स्तोत्रं म्हणे. सासू जिवंत असताना तिनं त्या खोलीचा उंबरा वर्षातून दोनदा ओलांडला असेल. सिबिलाला वाटलं, पश्चात्ताप होत असेल. माणूस गेल्यावर होतो तो. ओटिलीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या, तेव्हासुद्धा ती "चाकू लागला" म्हणाली आणि सिबिलानं तिला वर मलम दिलं. इतकी भोळी होती ती तेव्हा.

तिसाव्या दिवशी सकाळी न्यायाधीश हार्टविग आले. त्यांच्याबरोबर दोन पंच, एक पाववाला आणि दुसरा ब्लासिउस रंगारी, ज्याचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे असत. बाईमाणसाला न्यायासमोर स्वतः बोलता येत नाही, तिच्या वतीनं पुरुष पालक बोलतो. सिबिलाला पालक म्हणून मिळाला चर्चचा घंटावाला योब्स्टकाका. बोलायचा कंटाळा असलेला माणूस. त्याला घंटा एवढ्यासाठीच आवडत असे की त्या एकदा ओढल्या की आपल्याला काही बोलावं लागत नाही.

कुलूप उघडलं. गादी, पेटारा, पुस्तक सिबिलाच्या बाजूला गेलं. मेंढ्या अंगणातच होत्या. मग हार्टविगसाहेबांनी ताग्यांकडे बोट केलं.

सिबिला योब्स्टकाकाच्या कानाशी वाकून कितीतरी वेळ बोलली. आईनं काय केलं, कधी केलं, किती तुकडे, कसे गुंडाळले, सगळं.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

योब्स्टकाकानं घसा साफ केला. "तागे दादाचे, याला ती नाही म्हणते."

"का?"

पुन्हा कुजबुज. योब्स्टकाका म्हणाला, "कापलेले आहेत."

कास्पर मनापासून हसला. "कापलेले? बघा ना तुम्हीच." त्यानं वरचा तागा घेतला आणि बाकावर सोडला. कापड उलगडत गेलं, बाकावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत, शुभ्र, सलग, कुठे खंड नाही. दुसरा सोडला. तोही तसाच.

सिबिला पुढे झाली, कापड हातात घेऊन सरकवत गेली. पंचवीस वर्षं कापड हाताळलेली तिची बोटं, पण त्यांना काही लागेना. क्षणभर तिला वाटलं, आपणच स्वप्न बघितलं की काय. आईचा हात कात्रीवर, ते तीन दिवस, सगळं मनाचे खेळ?

"सिबिला," कास्पर मायेनं म्हणाला, आणि ती माया खरी होती हेच जास्त वाईट, "आई गेल्याचं दुःख आम्हालाही आहे. तू दमली आहेस. आपल्या घरात तुला काही कमी पडणार आहे का? मी काय तुला रस्त्यावर टाकणार आहे?"

"भट्टीमागची फळी तर मी घासूनसुद्धा ठेवलीय," ओटिली म्हणाली.

ते ऐकून सिबिलाला जो संताप आला तो लपवायला तिनं तोंड कापडात खुपसलं. आणि तिला वास आला. आईच्या पेटाऱ्यातल्या कापडाला कडू दवण्याचा वास असायला हवा होता. तो होता. पण त्याच्या आत आणखी एक वास होता, गोडसर. मधमाशांच्या मेणाचा.

ओटिली ही हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी. अख्ख्या जिल्ह्यात तिच्या टाक्याची कीर्ती होती. कातड्याच्या कडेला कड लावून ती असं शिवे की जोड कुठे आहे ते गायीलासुद्धा सांगता आलं नसतं. आणि हातमोजेवाले दोरा मेणावरून ओढल्याशिवाय सुईत घालत नाहीत. कातड्याला ते लागतं. कापडाला कुणी लावत नाही, कारण कापड ओलं करायचं असतं आणि मेण लागलं की पाणी आत शिरत नाही. पण लहानपणापासूनचा हात आहे, तो विचार करून थोडाच चालतो.

सिबिलानं डोकं वर केलं. योब्स्टकाकाच्या कानाशी वाकली. काकाचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"काय म्हणते?"

"ती म्हणते," योब्स्टकाका अडखळला, कारण एवढं मोठं वाक्य तो बाप्तिस्म्यापासून आजवर बोलला नसेल, "सगळ्यांनी जरा अंगणात हौदापाशी यावं."

मार्चची सुरुवात होती, दगडी हौदावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला. सिबिलानं तो मुठीनं फोडला. पाववाल्याला कापडाचं एक टोक धरायला लावलं, ब्लासिउसला दुसरं. कास्पर म्हणत होता, "अहो, हे काय पोरखेळ," पण शेजारच्या बायका कुंपणापाशी जमू लागल्या होत्या आणि त्यांच्यासमोर फार बोलणं बरं दिसलं नसतं. ओटिलीच्या तोंडावरचा रंग मात्र उडाला होता.

सिबिलानं ओगराळं भरलं आणि कुरणावर शिंपडायची तसंच, हाताच्या एका झोकात, पाणी कापडावर पसरलं. कापड ओलं झालं तसं करडं पडत गेलं. एक हात, दोन हात, तीन हात, सगळं करडं. आणि मध्येच, काठापासून काठापर्यंत, सरळ, एक बारीक पांढरी रेघ राहिली. तिच्यावर पाण्याचे थेंब कोबीच्या पानावर राहतात तसे उभे राहिले आणि घरंगळून गेले. पुढे पुन्हा करडं. पुन्हा एक रेघ. पुन्हा करडं, पुन्हा रेघ.

"तीन," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं. "तीन जोड, चार तुकडे!"

ब्लासिउस रंगाऱ्यानं निळं बोट त्या रेघेवरून फिरवलं. "मेण आहे," तो म्हणाला. "साहेब, माझा धंदाच आहे. मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही, पाणी चढत नाही, काही चढत नाही. हा दोरा मेणातून ओढलाय."

"मेण!" योब्स्टकाका ओरडला. तो आपणहून ओरडला याचंच सगळ्यांना नवल वाटलं. "माझे मेणबत्त्यांचे तुकडे! वेदीवरचे! महिनाभर रोज एक कमी होत होता, मी उंदरांना शिव्या देत होतो! आणि ही बाई रोज सकाळी चर्चमध्ये डोळे मिटून बसायची!"

कुंपणापाशी जो हशा पिकला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला असेल.

कास्परनं धीर सोडला नाही. "जोड असतील," तो म्हणाला. "पण कापलं कुणी, कधी? हिनंच नंतर कापलं नसेल कशावरून?"

आता सिबिला काकाच्या कानाकडे वळलीसुद्धा नाही. "कधी कापणार, दादा? आई गेली त्या तासाला खोलीला कुलूप कुणी लावलं? किल्ली कुणाच्या कमरेला होती?"

"पालकामार्फत बोल," पाववाला पंच पुटपुटला.

"पालक मेणबत्त्या मोजतोय," हार्टविगसाहेब म्हणाले. "बोलू दे तिला."

मग ती बोलली. आईनं कसं उशीवरून उठून कात्री मागितली ते. दोघींचे हात एका कात्रीवर कसे होते ते. तिचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी म्हणाली, "साहेब, अख्ख्या कापडाला कुणी शिवतं का? जोड आहे म्हणजे आधी काप होता. मला सिद्ध करता आलं नसतं. वहिनीनंच सिद्ध करून ठेवलंय, सत्तावन्न जागी."

सगळ्यांच्या नजरा ओटिलीकडे गेल्या. ती कुंपणाकडे पाठ करून उभी होती. तिला रडू येईल असं बायकांना वाटलं होतं, पण तिनं मान ताठ केली.

"मीच शिवलं," ती म्हणाली. "महिनाभर. बोटांची चाळण झाली. आणि असा जोड इथे दुसरी कुणी घालून दाखवा! पाणी ओतलं नसतंत तर तुमच्या सात पिढ्यांना दिसला नसता." मग ती कास्परकडे वळली. "आणि मी का शिवलं ते यांना विचारा. माझ्या माहेरचे अकरा तागे कुठे गेले ते विचारा. अकरा ताग्यांचा घोडा आणला यांनी, आणि तो दुसऱ्याच महिन्यात मेला. माझ्या दोन मुलींना द्यायला माझ्यापाशी हातरुमाल नाही."

कास्पर बुटांकडे बघत होता. सिबिलाला वहिनीची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही तेवढाच राहिला; माणसाला दोन्ही एकदम येतं. तिनं ओलं कापड हातात घेतलं आणि तो जोड जवळून बघितला. असा टाका तिनं जन्मात बघितला नव्हता.

हार्टविगसाहेबांनी पंचांशी दोन शब्द बोलून निकाल सांगितला. जिवंत बाईला आपली चादर कापायला कुणाची परवानगी लागत नाही. तागे मरणापूर्वी कापलेले होते. एकोणीसच्या एकोणीस सिबिलाचे. "आता दंडाचं," ते म्हणाले. "योब्स्ट, तुझ्या अशिलाची काही मागणी?"

सिबिला पुढे झाली. "वहिनीला दंड नको. एकोणिसावा तागा तिच्या मुलींना द्यायचाय. कापलेलाच आहे साहेब, म्हणजे तो बाईचाच राहील. दादाला तो विकता येणार नाही, कितीही चांगला घोडा मिळाला तरी."

कुंपणावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे चर्चबाहेर टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण त्या वाजवल्या. ओटिलीनं एकदा सिबिलाकडे बघितलं.

"आणि ज्यानं कुलूप लावून कापड अडवलं," हार्टविगसाहेब कास्परकडे बघून म्हणाले, "तो वाहून देईल. अठरा तागे, बहीण सांगेल तिथे. गाडीतून नाही, खांद्यावरून. एका वेळी एक. आणि भरदिवसा. योब्स्ट, मान्य आहे का तिला?"

योब्स्टकाकानं सिबिलाकडे बघितलं. त्याच्या सुरकुत्या हलल्या.

"ती हो म्हणते," तो म्हणाला.

नगरसभेनं त्याच आठवड्यात व्यवहार पुरा केला. तागे वाहायचा दिवस गुरुवार, बाजाराचा होता, हे काही योगायोगानं झालं नाही. दिवस सिबिलानं ठरवला. कास्पर केसलिंग सकाळी सातपासून खांद्यावर तागा घेऊन बाजारातून जाऊ लागला. नऊ फेऱ्या नगरभवनाकडे. पाचव्या फेरीला कोबीवालीनं विचारलं, "कास्पर, घोडा कुठाय रे?" सहाव्या फेरीला त्यानं उत्तर देणं सोडलं. सातव्या फेरीला तो स्वतःच हसायला लागला, कारण माणूस मुळात हसरा होता आणि दुसरं करणार काय. मग नऊ फेऱ्या ओढ्यापलीकडे, पुलावरून, चिखलातून.

आठ तागे सिबिलानं दारात उभं राहून घेतले आणि भिंतीपाशी रचले. आतमध्ये चूल पेटली होती, गादी अंथरली होती, मेंढ्या मागे बांधल्या होत्या. मग तिनं दार लावलं, कडी घातली, आणि टेबलाशी बसून वाटाण्याचं सूप प्यायला सुरुवात केली. घर तिचं होतं, दार तिचं होतं. सूपही तिच्या वेळेला, तिच्यासाठी केलेलं. अर्धी वाटी संपली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती तशीच पीत राहिली.

दारावर थाप पडली. शेवटचा तागा.

चौतीस वर्षांत कास्परनं बहीण जिथे असेल तिथे जाताना कधी दार वाजवलं नव्हतं. ती झोपलेली असो, कपडे बदलत असो, आईचे पाय चेपत असो, तो सरळ आत यायचा. घर त्याचं होतं. सिबिलानं चमचा खाली ठेवला नाही.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

बाहेर थोडा वेळ नुसताच धापा टाकल्याचा आवाज. "कास्पर. तुझा दादा." मग खालच्या आवाजात, "आत येऊ का, सिबिला?"

तिनं वाटी तोंडाला लावून उरलेलं सूप संपवलं. बाहीनं डोळे पुसले. उठून कडी काढली. तो दारात वाकून उभा होता, खांद्यावर आईचं कापड, गुडघ्यापर्यंत चिखल.

"ये," ती म्हणाली. "पण पाय पुसून ये."